ब्रायरची गाठ, टेंभुर्णीचे पान

तंबाखू ओढण्याची साधने जमवणाऱ्यांमध्ये ब्रिटिश बनावटीच्या, हाताने घडवलेल्या ब्रायर पाईपला जे मानाचे स्थान आहे त्याची कारणे त्या वस्तूच्या घडणीतच आहेत, आणि मुंबईपुरते बोलायचे तर नेमक्या त्याच कारणांमुळे गिरगाव, परळ, लालबाग या भागांतील तंबाखूचा खरा इतिहास संग्राहकांच्या कपाटांबाहेर राहिला आहे. ब्रायर हे भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारे झुडूप असून वनस्पतिशास्त्रात ते एरिका आर्बोरिया या नावाने ओळखले जाते. जमिनीलगत, खोड आणि मुळे यांच्या सांध्यावर, त्याला एक कठीण, घट्ट रेषांची गाठ धरते. ती खणून काढून तिचे ठोकळे पाडतात, ठोकळे कित्येक तास पाण्यात उकळून त्यांतला चीक घालवतात आणि मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवतात. अशा ठोकळ्यातून कोरलेली वाटी आतल्या विस्तवाने सहजासहजी जळत नाही, हाताला चटका देत नाही आणि नीट वापरली तर माणसाच्या हयातीपेक्षा अधिक टिकते. त्याआधी युरोपात मातीचे पाईप चालत. ते स्वस्त असत आणि लगेच फुटत. ब्रायरचे पाईप घडवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फ्रान्समधील ज्युरा डोंगरातल्या सेंट क्लोद या गावी उभा राहिला आणि तिथून तो लंडनला पोहोचला.

लंडनमध्ये या धंद्याला चांदीकामाची जोड मिळाली. बार्लिंग हे घराणे १८१२ पासून चांदीकाम करणारे होते. लोव यांची पेढी १८५६ मध्ये आणि चॅरॅटन यांची १८६३ मध्ये सुरू झाली. सेंट क्लोदच्या कोमॉय घराण्यातील आन्री कोमॉय यांनी १८७९ मध्ये लंडनला बस्तान हलवले. आणि आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान थाटून काही वर्षांतच स्वतःचा पाईपचा कारखाना काढला. डनहिल यांनी नळीच्या वरच्या अंगाला पांढरा ठिपका बसवण्याची पद्धत पाडली, आणि वाळूच्या जोरदार फवाऱ्याने लाकडाचा मऊ भाग झिजवून कठीण रेषा उठावदार करण्याच्या कृतीचे १९१७ मध्ये पेटंट घेतले. दांड्याच्या सांध्यावर चांदीचे कडे असेल तर त्यावर सरकारमान्य कसोटीचे छाप असत: चांदीच्या शुद्धतेसाठी चालता सिंह, लंडनसाठी बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमसाठी नांगर आणि वर्ष सांगणारे एक अक्षर. ज्या वस्तूवर तिचा कारखाना, गाव आणि जन्माचे वर्ष कोरलेले असते ती संग्राहकाच्या हाती आयतीच लागते, कारण क्रम लावण्याचे निम्मे काम करणाऱ्यानेच करून ठेवलेले असते.

मुंबईत हे पाईप आले ते फोर्टातल्या साहेबी दुकानांतून. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही या सहकारी भांडाराने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली, आणि लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांना विलायतेत मिळणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू, तंबाखू आणि पाईप धरून, इथेच घेता येऊ लागली. काळा घोड्याजवळची त्या भांडाराची इमारत आजही उभी आहे. पुढे बॅरिस्टर होऊन परतलेले हिंदी तरुण, पारशी व्यापारी, महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि डॉक्टर यांच्या हाती पाईप दिसू लागला, आणि मराठी रंगभूमीने व बोलपटाने तो इतक्या झटकन उचलला की सूट घातलेल्या श्रीमंत बापाच्या तोंडात पाईप दिला म्हणजे त्या पात्राचे निम्मे संवाद लिहिण्याची गरज उरत नसे.

पाईप ओढणे हे वेळेचे काम आहे. तंबाखू मोकळी करून थराथराने भरायची, पहिला थर सैल, वरचा थोडा दाबून. एकदा पेटवून वरची राख हलकेच दाबायची, पुन्हा पेटवायची. मग संथपणे, विझू न देता आणि तापू न देता, पाऊण तासापर्यंत ओढत राहायचे. शेवटी वाटी निवल्यावर राख झाडून नळीतून तार फिरवायची. एकच पाईप लागोपाठ ओढला तर लाकूड ओले राहून कडवट होते, म्हणून शौकीन माणूस चार-सहा पाईप बाळगतो आणि त्यांना आळीपाळीने विश्रांती देतो. संग्रहाचे बीज इथेच पडते. ज्याच्याजवळ बसायला खुर्ची, उजळणारा विस्तव आणि कोणी न मोजणारा पाऊण तास आहे, त्याच्याच घरात एकाहून अधिक पाईप जमतात.

तंबाखू मात्र पाईपच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावर आली होती. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात गोव्याच्या वाटेने आणली, दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी ती रुळली, आणि अकबराच्या अखेरच्या वर्षांत विजापूरला वकिलीवर गेलेल्या असद बेगने ती आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवली. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी किती पाळली गेली हे पुढच्या तीन शतकांतल्या हुक्क्यांच्या संख्येवरून कळते. मराठी मुलखात श्रीमंतांकडे हुक्का, मध्यम घरांत गुडगुडी म्हणजे नारळाच्या करवंटीचा किंवा धातूचा लहान हुक्का, आणि शेतकऱ्याकडे व गोसाव्याकडे कुंभाराची मातीची चिलीम अशी विभागणी होती. भिक्षुक आणि शास्त्री यांच्या घरी धुराला मज्जाव असला तरी तपकिरीला नव्हता. गिरगावातल्या वाड्यांत नाकाशी चिमूट धरणारे वृद्ध शास्त्रीबुवा हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेहमीचे दृश्य होते. पान, सुपारी, कात, चुना आणि तंबाखू यांसाठी वेगवेगळे कप्पे असलेली कापडी चंची कमरेला खोचलेली असे. सरकारला या सगळ्यातला महसूल दिसत होता. मुंबई शहरातील तंबाखूची आयात, साठवण आणि किरकोळ विक्री यांवर कर बसवणारा खास कायदा १८५७ मध्ये झाला, आणि ज्या साली उत्तरेत उठाव चालू होता त्या साली कलकत्त्याच्या कायदेमंडळाला मुंबईच्या तंबाखूकडे पाहायला सवड मिळाली होती.

चित्र बदलले ते गिरण्यांमुळे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापूस गिरणीची कंपनी काढली, आणि शतक संपेपर्यंत भायखळ्यापासून परळपर्यंत चिमण्यांची रांग उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या माणसांनी गावाकडची चिलीम बरोबर आणली असली, तरी गिरणीत तिला जागा नव्हती. चिलीम ही बसून, चौघांत फिरवत ओढायची चीज; तिला विस्तव लागतो, ओल्या फडक्याची छापी लागते, आणि मुख्य म्हणजे घाई चालत नाही. साचेखात्यात हवेत कापसाचे तूस तरंगत असे, यंत्रांना तेल असे, आणि एक ठिणगी पडली की गिरणीची गिरणी पेटण्याची धास्ती असे. त्यामुळे काम चाललेल्या खात्यांत काडी ओढणे हा कामावरून जाण्याचाच गुन्हा होता. वेळेचे म्हणावे तर १८९१ च्या कारखाने कायद्याने दुपारची अर्ध्या तासाची सुटी बंधनकारक केली. तोवर तेवढीही हक्काची नव्हती. प्रौढ पुरुषाच्या कामाला बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली, दहा तासांवर ती १९३४ मध्ये आली आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरायला १९४६ उजाडावे लागले.

गिरणीमालक आणि त्यांचे व्यवस्थापक यांची या काळातली एक कायमची तक्रार अशी होती की कामगार साचा सोडून आवारात रेंगाळतो, जेवतो, अंघोळ करतो, विडी ओढतो. कारखान्यांतील श्रमाची चौकशी करणाऱ्या १९०८ च्या आयोगापुढेही हे रेंगाळणे आले, आणि त्यावरून हिंदी कामगार मुळातच आळशी असल्याचे अनुमान काढणारे कमी नव्हते. खरे तर बारा-चौदा तास साच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाने स्वतःच काढलेली ती सुटी होती, आणि तिचे माप विडीने ठरत होते. विडीला साधन लागत नाही, ती भरावी लागत नाही, साफ करावी लागत नाही. संडासाच्या आडोशाला पाच मिनिटांत ती संपते आणि थोटूक पायाखाली विझते. पाईप आणि विडी यांतला फरक अभिरुचीचा मानण्याची पद्धत आहे, पण परळमध्ये तो भोंग्याने ठरवला होता.

आणि जिथे पाच मिनिटेही मिळत नव्हती तिथे चुना-तंबाखू आली. तिची डबी ही या भागातील सर्वांत सार्वत्रिक आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हटली पाहिजे: पत्र्याची वा पितळेची, चपटी, बहुधा दोन्ही तोंडांना झाकण असलेली, एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला ओला चुना. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यायची, उजव्या हाताच्या नखाने चुना लावायचा, अंगठ्याने मळायचे, दोन हलक्या टाळ्या मारून धूळ उडवायची आणि बार गालात धरायचा. हे सगळे साचा न थांबवता, तुटलेल्या धाग्यावर नजर ठेवून होत असे. ना धूर, ना विस्तव, ना गैरहजेरी. मुकादमाला बोलायला जागा नाही. डबी पुढे करून ‘काढा, पाव्हणं’ म्हणणे ही अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करण्याची रीत होती, आणि रात्रपाळीला ज्याची डबी रिकामी त्याला शेजारच्या साच्यावरून बार मिळणे गृहीत धरलेले असे.

बाहेर, गिरणीच्या दरवाजासमोर आणि चाळींच्या तोंडाशी, पानाची गादी होती. गादी म्हणजे जमिनीपासून हातभर उंच लाकडी बैठक, तीवर ओल्या फडक्यात पाने, मागे पितळी भांडी आणि बाजूच्या खांबाला टांगलेला पेटता सुंभ, म्हणजे काथ्याची धुमसती दोरी. गिऱ्हाईक एक-दोन विड्या सुट्या घेई, सुंभ ओठांपाशी नेऊन पेटवी, आणि काडीचा पैसा वाचवी. गिरणगावच्या इतिहासकारांत राजनारायण चंदावरकर यांनी कामगारांच्या रस्त्यावरच्या जीवनाला जे महत्त्व दिले ते इथे पटते. नोकरीची खबर, गावाकडचा निरोप, उधारी, संपाची कुजबुज ही सारी नाक्यावरच होत असे, आणि नाक्यावर उभे राहायला विडी हे निमित्त पुरे होते. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून ती १९२३ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा धान्य, भाडे, कपडा यांच्यानंतर उरलेला पानसुपारी-तंबाखूचा खर्च किरकोळीत गेला. हिशेबाला ते सोयीचे होते, पण महिन्याच्या किराण्यात काटकसर करणारी बाईसुद्धा नवऱ्याच्या विडीकाडीचे पैसे आधी बाजूला काढत होती.

स्त्रियांचा भाग तर हिशेबातच आला नाही. कोकण आणि देश या दोन्हींकडून आलेल्या बायका मशेरी लावत. मशेरी किंवा मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, जी दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांना लावली जाते. सकाळी नळावर पाण्याच्या रांगेत बसून मशेरी लावणे हा चाळीतल्या बायकांचा दिवसातला बहुधा एकमेव निवांत वेळ होता, आणि त्यालाही कामाचे, म्हणजे दातांच्या स्वच्छतेचे, निमित्त लागत होते.

हाताने घडवलेला म्हणून ब्रिटिश पाईपला जी जादा किंमत मिळते, ती पाहताना विडीही पूर्णपणे हातानेच घडते याची आठवण ठेवायला हवी. तिचे पान टेंभुर्णीचे, ज्याला व्यापारात तेंदूपत्ता म्हणतात. पान भिजवून मऊ करायचे, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने आयत कापायचा, त्यात चिमूटभर जर्दा पसरून बोटांनी निमुळते वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड आत दुमडायचे. मांडीवर सूप ठेवून एक बाई दिवसाला आठशे-हजार विड्या वळते आणि मजुरी हजारावर ठरते. सिन्नर, सोलापूर, अहमदनगर, विदर्भ आणि सीमेपलीकडे निपाणी ही या धंद्याची ठाणी. मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या तेलुगुभाषक कुटुंबांत हे काम घरोघर चाले. वाकडी, सैल वा चिरलेली विडी मालक ‘छाट’ म्हणून काढतो आणि तिची मजुरी कापतो. या छाटीवरून इतकी भांडणे होत की १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात त्या वादासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. लंडनच्या कारागिराच्या पाईपलाही छाट असे: लाकडात खड्डा निघाला की तो पाईप मुख्य नावाने न विकता दुय्यम छापाने स्वस्तात विकत, आणि आज ते दुय्यम छापही संग्राहक जमवतात. विडीच्या छाटीचे काय होई ते वळणारीच्या पगारपत्रकात दिसे. तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर १९४३ मध्ये आला, आणि त्याच विडी-तंबाखूच्या भावासाठी निपाणीला १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली.

दादर या दोन जगांच्या मधोमध होते. शिवाजी पार्कच्या घरांत सिगारेट आणि क्वचित पाईप, रेल्वेच्या पुलापलीकडे नायगाव-परळमध्ये विडी आणि बार. रानडे रोडवरून १९६० मध्ये ‘मार्मिक’ चालवणारे आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन करणारे बाळ ठाकरे यांची त्या काळातील अनेक छायाचित्रे पाईपसह आहेत, आणि त्यांच्या सभांना येणारा लालबाग-परळचा तरुण मात्र खिशात विडीचे बंडल किंवा साधी सिगारेट घेऊन येत होता. त्या पाईपने पुढारी आणि श्रोता यांत अंतर पाडले असे दिसत नाही. उलट साहेबाची वस्तू आपल्या माणसाच्या हातात दिसण्याचे काही आकर्षण असावे.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज कुटुंबे सामान विकून गेली आणि फोर्टातले पाईप लिलावांतून व मटन स्ट्रीटच्या चोरबाजारातून फिरू लागले. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई वाढून चैनीच्या मालाची आयात जवळजवळ बंद झाली, तेव्हा नवा ब्रिटिश पाईप मिळण्याचा मार्ग परदेशी जाणारा नातेवाईक किंवा बोटीवरचा खलाशी एवढाच उरला. म्हणून मुंबईत सापडणारे पाईप बहुधा त्याआधीच्या मालातले असतात, आणि त्यांची अवस्था मुंबईच्या हवेने केलेली असते. तोंडाची नळी व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. उजेड आणि दमटपणा यांनी ती हिरवट-तपकिरी पडते आणि जिभेला गंधक लागते. वाटीत साचलेला कोळशाचा थर पावसाळ्यात ओल धरतो व बुरसतो. जाणकार माणूस आधी दांड्यावरचा छाप भिंगाखाली वाचतो, मग चांदीच्या कड्यावरचे अक्षर, आणि कडे मागाहून बसवलेले नाही ना हे तपासतो. जास्त घासून चकाकवलेल्या पाईपवरचा छाप पुसट झाला असेल तर त्याची किंमत घसरते, कारण मग तो केव्हाचा हे सांगता येत नाही.

विडीचे वर्ष सांगणारे असे काहीच उरत नाही. उरली तर बंडलाची कागदी वेष्टने आणि काडीपेटीची लेबले, जी जमवणारे आहेत. गिरणगावच्या तंबाखूची सर्वांत सविस्तर नोंद झाली ती परळलाच, पण वेगळ्या कारणासाठी. टाटा मेमोरिअल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे सुरू झाले, आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे रुग्ण एवढ्या संख्येने येऊ लागले की विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांचे लक्ष तंबाखूकडे वळले. सांघवी, राव आणि खानोलकर यांचा १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला अभ्यास या रुग्णांवर होता: कोण विडी ओढतो, कोण तंबाखू चघळतो, कोण दोन्ही करतो, आणि रोग तोंडाच्या कोणत्या भागात, हे त्यात ताडून पाहिले होते, आणि चघळणाऱ्यांत तोंडाच्या पोकळीचा आणि विडी ओढणाऱ्यांत घशाकडच्या भागाचा कर्करोग अधिक आढळला. गाल आणि दाढ यांमध्ये बार धरण्याची जी जागा, तीच रोगाची जागा निघाली. शहरातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही १९६३ मध्ये सुरू झाली, आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील ९९,५९८ प्रौढांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि सुमारे दोनतृतीयांश पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे दिसले. स्त्रियांच्या बाबतीत ती जवळजवळ सगळी धूर नसलेली होती. चाळीच्या नळावरची मशेरी अशा रीतीने प्रथमच मोजली गेली.

जानेवारी १९८२ मधल्या संपानंतर अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे गिरणगाव विस्कटले, गिरण्यांच्या जागी मनोरे आले, आणि दोन तोंडांच्या डब्या भंगाराच्या भावाने गेल्या. पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, पानदाने आणि हुक्के जमवून दाखवले की पानतंबाखूची साधने संग्रहालयात शोभतात. पण त्यांतले बहुतेक कलाकुसरीचे आहेत, आणि गिरणीतल्या डबीवर कलाकुसर नसते. अलीकडे चोरबाजारात अशा डब्या पितळी असल्या तर ‘जुन्या’ म्हणून वेगळ्या काढून ठेवलेल्या दिसतात. त्यांवर ना छाप, ना वर्ष, त्यामुळे विकत घेणाऱ्याने डबी कोणत्या घरातून आली, वापरणारा कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात आणि कोणत्या पाळीला होता, एवढे विक्रेत्याला विचारून चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवले तर तिचा उपयोग होईल, आणि हे सांगू शकणारी माणसे लालबाग-परळमध्ये अजून आहेत.